आत्ती मधे बसली

निपाणीच्या स्टँडवर आपल्याला कामगिरीवर पाठवतील, असं वृषभ मगदूमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचं दल पोलिसांचं, घाटातलं. नक्षलवाद्यांचा माग काढायचा, जळवा उपटत ओढे ओलांडायचे, एखाद्या जुन्या चुलीची राख कोमट आहे का ते बोटानं बघायचं, हे त्याचं काम. रायफल, पाठीवरचं ओझं आणि जंगल. तिथं आपलं कोणी बघत नाही, ही त्यातली एकच सुखाची गोष्ट होती.

कारण घरी त्यानं वेगळंच सांगितलं होतं. निपाणीपासून जवळच्या बेनाडीत त्याचं घर. जैनाचं, शेतीवाडीचं. पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. चुलीपुढं मुंग्यांची रांग लागली तर आई, त्रिशलाबाई, त्या आपल्या वाटेनं जाईपर्यंत चूल पेटवायची नाही. अशा आईला ‘मी माणसांच्या मागावर बंदूक घेऊन फिरतो’ हे सांगायला वृषभची जीभ कधी रेटली नाही. पोलिसात लागलो एवढं खरं सांगितलं, आणि पुढं जोडून दिलं, की उडपीला वायरलेसच्या ऑफिसात खुर्चीवर बसून असतो. आईनं सुटकेचा श्वास सोडला होता.

गेल्या साली घाटातले बहुतेक जण शस्त्रं ठेवून बाहेर आले. दल आता मोडणार, अशी कुजबुज सुरू झाली. पण गिरिजा आली नव्हती. पन्नाशीची बाई, जंगलात अर्धं आयुष्य काढलेली. तिच्याबद्दल खबर आली ती आजारपणाची. छाती पोखरली आहे, तापानं खंगली आहे, चिकोडीकडून निपाणीला येणार, आणि तिथून कोल्हापूरची बस धरून तिकडं ओळखीच्या डॉक्टरकडं जाणार. जवळ पिस्तूल.

इन्स्पेक्टर नागेंद्र शिमोग्याकडचे. त्यांनी वृषभला बोलावून कन्नडमध्ये विचारलं, “तू निपाणीचा ना? मराठी येतं, गाव पायाखालचं आहे. तू पुढं राहायचं.”

“सर, तिथं मला ओळखणारी माणसं आहेत. कोगनोळीच्या नाक्यावर बस अडवली तर?”

“भरल्या बसमध्ये ती आणि तिचं पिस्तूल? नको. स्टँड मोकळा असतो. आणि गर्दीत कोण कुणाला बघतं?”

निपाणीच्या गर्दीत सगळे सगळ्यांना बघतात, हे शिमोग्याच्या माणसाला कसं सांगायचं?

ठरलं ते असं. वृषभनं साध्या कपड्यात फलाटावर थांबायचं. दलातलाच परशराम, हा खानापूरचा, रसाच्या गाड्यापाशी. साहेब आणि बाकीचे फाटकाबाहेर बंद टेंपोत. बाई मोकळ्या जागी आली, आजूबाजूला माणूस नसला, की वृषभनं खिशातला रुमाल काढून तोंड पुसायचं. मग दोन्हीकडून झडप.

दुपार झाली होती. तंबाखूचे दिवस. वखारींवरून येणारा वारा नाकात झोंबत होता. गावच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण वृषभच्या कानात खुपसलेल्या इअरफोनमधून साहेबांचा खोकला सारखा ऐकू येत होता. कमरेला शर्टाखाली पिस्तूल होतं. ते आहे हे सगळ्या स्टँडला दिसतंय, असं त्याला वाटत होतं. हात कुठं ठेवावा कळेना, म्हणून त्यानं तो खिशात घातला. मग रुमालाला बोट लागलं आणि तो चटकन बाहेर काढला. चुकून खूण व्हायची!

चिकोडीची बस लागली. उतरणाऱ्या माणसांत राखी रंगाचं सुती लुगडं नेसलेली एक वाळलेली बाई होती. कापडी पिशवी छातीशी धरलेली. फोटो फार जुना होता, त्या फोटोतल्या गोल चेहऱ्याचं इथं नावही उरलं नव्हतं. वृषभनं तिला ओळखलं ते चालीवरून. सपाट फरशीवरही ती पाय उचलून उचलून टाकत होती, मुळं आणि दगड चुकवणाऱ्या माणसासारखी. अशी चाल कुणाची असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या सुट्टीत घरी गेला तेव्हा तो स्वतःच अंगणात असा चालत होता आणि आई हसली होती.

बाईनं फलाट एकदा नजरेखालून घातला. भिंतीला टेकलेल्या शेवटच्या बाकावर, अगदी टोकाला जाऊन बसली. उजवा हात पिशवीत घातला आणि तसाच ठेवला.

“सर, आली,” वृषभ पुटपुटला.

“खात्री?”

“होय.”

“आसपास कोण?”

“शाळेची पोरं आहेत. बायका आहेत. भाजीची पाटी घेऊन एक म्हातारा.”

“थांब मग. बस लागली की माणसं पुढं पळतील. ती शेवटी उठेल. तेव्हा.” आणि खोकला.

वृषभ थांबला. सरावात त्यानं हजार वेळा पुठ्ठ्याच्या माणसांना गोळ्या घातल्या होत्या. पुठ्ठ्याच्या माणसामागं शाळेची पोरं नसतात. आपली गोळी चुकली तर ती कुठं जाईल, हे तो मनात मोजत होता, आणि जिकडं बघेल तिकडं कोणीतरी उभं होतं.

“वृषभा! अगं बाई, वृषभच न्हवं का ह्यो!”

हा आवाज त्याला हजारात ओळखू आला असता. चंपाबाई, बापाची थोरली बहीण, कोगनोळीला दिलेली. हातात पिशवी, पाण्याची बाटली, आणि डोळ्यांवर चष्मा नाही.

“आत्ती...”

“चष्म्याची काडी मोडली गा, ती बसवायला आलते. दुकानदार म्हणतोय, आठवड्यानं या. डोळ्याला धड दिसंना, पर तुजी मान बघितली आन् म्हनलं, ह्यो आमच्या आप्पाचाच ल्योक! कवा आलास?”

“आजच, आत्ती. हळू बोल की.”

“हळू कशाला? चोरी केलीयास व्हय?” ती हसली. “सुट्टी काडून आलास, आन् घराकडं जायाचं सोडून हितं काय करायलास? आईला ठावं तरी हाय का?”

“दोस्त येनार हाय. त्याला घेतो आन् जातो.”

“मग बस की वाईच. माजी बस लागूस्तर बोलू. चल, तितं जागा हाय.”

ती जागा कुठं होती हे वृषभनं वळून बघितलं. आत्ती तोवर त्या शेवटच्या बाकाकडं चालूही लागली होती. गिरिजापासून वीतभर अंतर सोडून ती बसली, आणि वृषभच्या शर्टाला धरून तिनं त्याला खाली ओढलं. शर्ट वर सरकला. त्यानं झटकन कोपर दाबून तो खाली केला. भिंतीकडं गिरिजा, मधे आत्ती, या टोकाला तो.

“मगदूम, कोण ती म्हातारी?” कानात साहेब. परशरामनं कळवलं असणार. “उठव तिला तिथून.”

उठवायला काहीच अवघड नव्हतं. ‘आत्ती, चल, रस पिऊ’ एवढं म्हटलं असतं तर ती उठली असती. रसाला ती कधी नाही म्हणत नसे. वृषभनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात आत्तीचा दंड शेजारच्या बाईला लागला होता, आणि ती तिकडं वळली होती.

“बाई, अंग नुसतं भाजायलंय की वो तुमचं!”

गिरिजानं मराठी कळलं नाही असं दाखवलं. आत्तीनं लगेच आपल्या घरगुती कन्नडमध्ये तेच म्हटलं, आणि ताप बघायला तिचं मनगट धरलं. उजवं. पिशवीत गेलेलं. हात पिशवीतच राहिला, आणि त्याच्यावर आत्तीची पाच बोटं घट्ट बसली.

वृषभनं ते बघितलं. ‘रस पिऊ’ हे शब्द त्याच्या तोंडातच विरले. जोवर आत्तीचा हात तिथं आहे तोवर तो हात वर येणार नाही, हे त्याच्या डोक्यात वीज चमकावी तसं चमकून गेलं. आणि तो बसून राहिला.

“एकटीच हायसा?” आत्ती तिला कन्नडमध्येच विचारत होती. “कोल्लापूरला जायाचं? अशा तापात? ह्यो माजा भाचा बगा. पोलिसात हाय, उडपीला. दवाखान्यात न्यायचं म्हनलं तर ह्यो निऊन सोडंल.”

पोलिसात. शब्द बाहेर पडला. रसाच्या गाड्याची घुंगरं वाजत होती, पोरं ओरडत होती, तरी वृषभला वाटलं, सगळा स्टँड चिडीचूप झाला.

गिरिजानं मान सावकाश वळवली. डोळे तापानं लाल, पण नजर पक्की. ती नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली उतरली, दाबून धरलेल्या कोपरावर थांबली, पुन्हा वर आली.

“कुठल्या पोलिसात?” तिनं कन्नडमध्ये, हळू विचारलं.

वायरलेस म्हणायचं होतं. इतकी वर्षं तेच तोंडात बसलेलं. पण त्या नजरेपुढं ते निघालंच नाही.

“दलात,” तो म्हणाला.

“एकटेच?”

“नाही.”

“फाटकाबाहेरचा टेंपो?”

“तोही.”

“आता टेंपो कशाला रं?” आत्ती मधेच बोलली. “रिक्षा कर की चांगली. बाईला हादरं बसतील टेंपोत.”

गिरिजाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू होतं की कळ, ते कळलं नाही. मग ती आत्तीच्या डोक्यावरून वृषभला म्हणाली, “आधी ह्यांना उठवा इथून.”

“तुम्ही हात मोकळा बाहेर काढा. मग उठवतो.”

“आधी ह्या.”

“मला कशाला उठवायलायसा?” आत्ती जरा रागावली. “तापल्या मानसाला टाकून मी कुटं जाऊ? तुमी गप बसा. वृषभा, तुजा रुमाल काड. पानी लावून कपाळावर ठेवू. उकळून गाळलेलं पानी हाय माजं.”

“रुमाल न्हाय माज्याकडं, आत्ती.”

“न्हाय कसा? ह्यो काय दिसतोय!”

आणि दुसऱ्या हातानं आत्तीनं त्याच्या खिशातून रुमाल खेचून काढला. पांढरा स्वच्छ रुमाल. पाणी लावायच्या आधी तिनं तो झटकला.

रसाच्या गाड्यापाशी परशरामनं भरलेला पेला खाली ठेवला. त्याचा हात शर्टाखाली गेला आणि तो निघाला. भराभर, सरळ बाकाच्या दिशेनं. त्याच क्षणी कोल्हापूरची बस आत वळली. पोरं, बायका, भाजीचा म्हातारा, सगळे एकदम पुढं लोटले आणि परशराम व बाकाच्या मधे गर्दीच गर्दी झाली. परशराम माणसं बाजूला सारत येत होता. गिरिजानं त्याला बघितलं. तिच्या मनगटाची शीर तटतटली.

“हालू नगंसा,” आत्ती म्हणाली, आणि पकड आणखी घट्ट केली.

वृषभ उभा राहिला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “परशा, थांब! खूण न्हाय ती! थांब तितंच!”

आता मात्र स्टँड खरोखरच चिडीचूप झाला. माणसं माना वळवून बघू लागली. परशराम गर्दीतच थबकला, हात शर्टाखालीच. कानात साहेब ओरडत होते, पण वृषभनं इअरफोन उपटून टाकला. स्वतःचे दोन्ही हात त्यानं पुढं धरले, रिकामे, आणि पुन्हा बाकावर बसला. गुडघ्यावर ठेवलेले ते हात थरथरत होते आणि त्याला ते थांबवता येत नव्हते.

“कोणी काही करणार नाही,” तो गिरिजाला म्हणाला. “पण आता इथून सुटून जाणंही नाही. बघा, पोरं आहेत.”

गिरिजा उत्तर द्यायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती दुमडलीच. आत्तीनं तिचं मनगट न सोडता दुसऱ्या हातानं तोच रुमाल तिच्या तोंडाशी धरला. रुमाल बाजूला झाला तेव्हा त्यावर लाल ठिपके होते. चष्मा नसलेल्या आत्तीलाही ते दिसले.

“आई गं,” ती पुटपुटली. “किती सोसलंस गं बाई.” आणि तिची पाठ चोळू लागली.

किती वेळ गेला वृषभला सांगता आलं नसतं. बसच्या इंजिनाची घरघर चालू होती. गिरिजा आत्तीकडं बघत होती, कधी न बघितलेल्या वस्तूकडं बघावं तसं. मग तिचा खांदा सैल पडला. हात पिशवीतून हळूच वर आला. रिकामा.

“पिशवी तुम्ही घ्या,” ती वृषभला म्हणाली. “सांभाळून. घोडा मागं ओढलेला आहे.”

वृषभनं आत्तीच्या मांडीवरून हात लांब करून पिशवी उचलली. औषधाच्या पाकिटांखाली थंड लोखंड लागलं. घोडा खरोखरच ओढलेला होता. आत्तीच्या पाच बोटांखाली, इतका वेळ.

पुढचं सगळं झटपट झालं. टेंपोतली माणसं धावत आली. एका महिला कॉन्स्टेबलनं गिरिजाबरोबर आत्तीलाही दंडाला धरून ओढलं, तिचीच साथीदार समजून. पाण्याची बाटली गडगडत बसखाली गेली. “सोडा तिला, माझी आत्ती आहे!” असं वृषभ ओरडला तेव्हा कुठं सोडलं. परशराम पिस्तुलातून गोळ्या काढत होता. आत्ती डोळे बारीक करून त्या पिवळ्या गोळ्यांकडं बघत उभी राहिली. मग वृषभच्या कमरेकडं बघितलं. शर्ट वर सरकला होता, आणि आता तो खाली ओढायचं त्याला सुचलंही नव्हतं.

गिरिजाला बेळगावला इस्पितळात हलवलं. गाडीत चढताना तिनं मागं वळून बघितलं, पण आत्तीनं मान फिरवली होती.

नागेंद्र साहेबांनी आधी वृषभला फैलावर घेतलं. इअरफोन का काढला, खूण नसताना ओरडला का, वरचे विचारतील तेव्हा काय सांगू. मग खोकला आवरून त्याच्या पाठीवर थाप मारली.

“पण डोकं चालवलंस, मगदूम. मी उठव म्हणालो तरी म्हातारीला तिथंच बसू दिलंस. तिचा हात होता म्हणून झालं सगळं.”

ती थाप वृषभला फटक्यासारखी लागली. आत्ती चार पावलांवर होती. कन्नड तिला कळत होतं.

साहेबांची परवानगी घेऊन तो तिला जीपनं कोगनोळीला सोडायला निघाला. हायवेवर ट्रकांची रांग होती. आत्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत बसली होती. सौंदलगा मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं,

“तुजा सायब म्हनला ते खरं? मला उठवता येत हुतं तुला?”

वृषभनं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. “व्हय.”

“मग का न्हाय उठवलंस?”

“तुजा हात तिच्या हातावर हुता, आत्ती. तू उठली असतीस तर तिचा हात सुटला असता. मागं पोरं हुती.”

“हं.”

“म्हंजे... पोरांचंच मनात हुतं का माज्या जिवाचं, ते मलाबी कळंना.”

हे तो का बोलला त्याला समजलं नाही. आत्तीनं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. नाक्याच्या अलीकडं गाव आलं. ती उतरली, दार लावलं, आणि खिडकीतून आत वाकली.

“त्रिशलाला कोन सांगनार? तू का मी?”

“मीच सांगतो. आजच जातो.”

“दिस मावळायच्या आत जा. ती जेवनाची थांबंल.” मग जरा घोटाळून म्हणाली, “मी मधे बसल्यालं नगं सांगू. एवढं एक ऱ्हाऊ दे.”

एरवी दारातून ती त्याला उपाशी जाऊ देत नसे. त्या दिवशी ‘ये’ म्हणाली नाही. वृषभही उतरला नाही.

बेनाडीला पोचला तेव्हा आई दारातच होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दल, जंगल, रायफल, एवढ्या वर्षांचं खोटं. फक्त बाकावरची आत्ती तेवढी वगळली. त्रिशलाबाईनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. “कुनाला मारलंयास काय?” एवढंच विचारलं. “न्हाय,” तो म्हणाला. ते खरं होतं. “मारायची पाळी आली असती तर?” उत्तराची वाट न बघता ती आत वळली. ताट वाढलं आणि समोर बसली, पण स्वतः घास घेतला नाही.

गिरिजावर बेळगावला पहारा बसला. त्या पहाऱ्यावर काही दिवस वृषभची पाळी होती. ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. औषधं लागू पडली. एका सकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाली, की पहिल्यांदाच ताप नाही. वृषभ व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि त्यानं आत्तीला फोन लावला. त्या दिवसानंतर दोघं बोलले नव्हते. फोन वाजत राहिला. आता ती उचलत नाही, असं वाटत असतानाच तिचा आवाज आला.

“बोल.”

“आत्ती, त्या बाईचा ताप उतरला.”

“नाव काय रं तिचं?”

“गिरिजा.”

“गिरिजा,” तिनं एकदा म्हणून बघितलं. “आता काय करतील तिला?”

“कोर्ट हाय. जेल हाय. मला काय म्हाईत, आत्ती.”

“बरं.” ती फोन ठेवणार असं वाटलं, पण ठेवला नाही. “वृषभा, तुजा हात बरा हाय न्हवं? त्या दिशी बाकावर लई कापत हुता. मला डोळ्याला दिसत नव्हतं, पर बाक हालत हुता रं सगळा.”

वृषभनं कठड्यावर ठेवलेल्या आपल्या हाताकडं बघितलं.

“अजून कापतोय, आत्ती,” तो म्हणाला.

“मग ये हिकडं दोन दिस,” ती म्हणाली. “सुट्टी काडून ये. खरी सुट्टी काडून.”